खायचे दात आणि दाखवायचे दात

मराठी भाषेने दातांवर जितक्या म्हणी रचल्या आहेत तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावर रचल्या असतील. दात कोरून पोट भरत नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. अगदीच कफल्लक माणसापाशी दातावर मारायलाही पैसा नसतो. आणि हत्तीचे खायचे दात वेगळे व दाखवायचे वेगळे. या शेवटच्या म्हणीत ढोंगीपणाची निंदा आहे हे खरे. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीत जो माणूस जाऊन बसतो त्याला ती अगदी अक्षरशः लागू पडते. त्या खुर्चीत जे उपचार होतात त्यांतील काही दाताचे गेलेले काम परत मिळवून देण्यासाठी असतात, तर काही केवळ त्याचे रूप खुलविण्यासाठी. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे पैसाही जातो आणि दातही जातात. मॉरिशसमधील एका मराठी कुटुंबात गेल्या दोनअडीच वर्षांत हे दोन्ही प्रकार एकाच छपराखाली घडले. त्या घराचे नाव सांगण्याचे कारण नाही; कास्कावेलपासून वाक्वापर्यंत तशी घरे पुष्कळ सापडतील.

घरात सत्तरी ओलांडलेली आजी, पन्नाशीतला मधुमेही मुलगा, सून, समुद्रकाठच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करणारी सव्वीस वर्षांची नात आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकणारा धाकटा नातू. बोलणे बहुतेक क्रेओलमध्ये. मराठी उरली आहे ती आजीच्या तोंडात, आणि गणेशचतुर्थी आली की सगळ्यांच्या तोंडात.

आजीचे पणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटावर आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जे लाखो मजूर या बेटावर उतरले त्यांतील ते एक. त्यांच्याबरोबर बाभळीच्या दातवणाची आणि राखुंडीने दात घासण्याची सवय आली. बायकांबरोबर क्वचित् मिश्रीचीही, आणि ती सवय तंबाखूची असल्यामुळे चांगली नव्हती. जगाला गोडी लावणारा ऊस त्यांनी तोडला. त्या पिढीला पांढरी साखर स्वतः खाण्याची चैन फारशी परवडत नसावी. पुढच्या पिढ्यांना मात्र ती परवडू लागली, आणि चहाच्या पेल्यात तिचे चमचे वाढत गेले. साखर-इस्टेटीवरील वसाहतीत वाढलेल्या आजीच्या लहानपणी दातदुखीवर औषध एकच होते, ते म्हणजे दात उपटणे. भरणे, वाचविणे या गोष्टी मालकांच्या बंगल्यातल्या. पाच बाळंतपणे झाली आणि प्रत्येकीमागे एकदोन दात गेले. पोटातले मूल आईचे दात खाते असे शेजारणी सांगत आणि आजीला ते पटे. वस्तुतः मूल आईच्या दातांतील चुना ओढून घेत नाही. गरोदरपणी हिरड्या सहज सुजतात, खाण्याच्या वेळा वाढतात, आणि दातांकडे पाहण्यास कोणाला सवड नसते, इतकेच. साठी येईतो खालच्या जबड्यात एकही दात राहिला नाही, वरचे त्यापूर्वीच गेले होते. तोंडाचे बोळके झाले.

क्रेओलमध्ये ज्याला दांतिये म्हणतात ती कवळी आजीने करून घेतली होती. पण खालची कवळी बोलताना उचले, जेवताना टोचे. शेवटी ती कपाटातल्या डब्यात गेली. आजी चहात बुडवलेला पाव, खिचडी आणि उकडलेला बटाटा यांवर राहू लागली. चणे सुटले, भाकरी सुटली, कोशिंबीर सुटली; वजन उतरले. हसताना पदर तोंडाशी जाऊ लागला. भजनात आजवर जी पुढे बसून उचलत असे ती मागच्या रांगेत जाऊन टाळ धरू लागली. घरच्यांना वाटले, वय झाले.

खरी गोष्ट नातवाच्या शिक्षिकेच्या लक्षात आली. मुलगा आरती पाठ म्हणत असे, पण त्याचा ‘स’ ‘श’कडे झुके आणि ‘त’ व ‘द’ कुठेतरी विरघळून जात. तोच मुलगा फ्रेंच अगदी स्वच्छ वाचत होता. मग उलगडा झाला की मराठी त्याने ज्या तोंडातून उचलली त्या तोंडात दात नव्हते. देवनागरीच्या वर्णमालेत त, थ, द, ध, न यांना दंत्य म्हणतात ते उगीच नव्हे; जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकल्यावाचून ते नीट उमटत नाहीत. पिढ्यांमागून पिढ्या सांभाळलेली भाषा हिरड्यांवरून घसरत चालली होती.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल, शास्त्रीय मराठीत दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. परंतु इनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे घासून, झिजून वा कापून गेलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. एवढे एक वाक्य ज्याला उमगले त्याला दंतवैद्यकातील निम्मी गोष्ट उमगली असे म्हणावयास हरकत नाही. कारण पुढचे सगळे उपचार हे गेलेल्या वस्तूच्या जागी मानवनिर्मित वस्तू बसविण्याचे प्रकार आहेत.

कीड म्हणजे अळी नव्हे. दातावर चढणाऱ्या चिकट थरातील जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाची तीव्रता एका मर्यादेपलीकडे गेली (पीएच ५.५ च्या आसपास उतरला) की खनिज विरघळू लागते. लाळ त्यावर उतारा आहे; पण तिला आपले काम करण्यास अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून एकदाच खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर घोट घोट घेतलेला गोड चहा दाताला अधिक घातक. मॉरिशस सरकारने २०१३ पासून शीतपेयांतील साखरेवर कर बसविला, हे योग्यच झाले. घरातल्या साखरेच्या डब्यावर कर बसविणारा मात्र कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. त्यांतील पुष्कळांचा विकार सुरुवातीस दातावरच्या एका खडूसारख्या पांढऱ्या डागाएवढाच असतो, आणि त्या अवस्थेत फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने तो डाग पुन्हा घट्ट होऊ शकतो. खड्डा पडला की मग दात भरण्यावाचून गत्यंतर नाही.

मुलाच्या दाढांत तरुणपणी भरलेली चांदी होती. येथे तिला प्लोंबाज म्हणतात. ‘प्लों’ म्हणजे शिसे, आणि ते नाव जुन्या काळच्या भरणीवरून आलेले. आजच्या चांदीच्या भरणीत शिसे नसते. तिच्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबे यांची पूड असते. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला; युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अगदी आवश्यक प्रसंग सोडून, ही भरणी बंद केली. ही बातमी कानी पडताच मुलगा दंतवैद्याकडे धावला, की माझी सगळी चांदी आजच काढा. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. धडधाकट भरणी कोरून काढताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि भोवतालचा निरोगी दातही थोडा जातो. ती खिळखिळी होईल तेव्हा बदलावी, असे त्यांनी समजावले. त्या नकाराने एका गिऱ्हाइकाचे पैसे त्यांच्या हातून गेले, याची नोंद झालीच पाहिजे.

दाताच्या रंगाची जी भरणी आता सर्वत्र होते तिच्यामागे दोन शोध आहेत. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखविले की फॉस्फरिक आम्लाने इनॅमल किंचित् खरखरीत केले तर त्यावर राळ घट्ट धरते. आणि १९६२ च्या सुमारास राफेल बोवेन यांनी त्यासाठी योग्य अशी राळ सिद्ध केली. चांदी दाताला चिकटत नाही, म्हणून ती अडकून राहावी यासाठी आतून खड्डा रुंद करून निरोगी भागही कापावा लागे. राळ चिकटते, तेव्हा किडलेले तेवढेच काढले तरी चालते. म्हणजे जी गोष्ट दिसायला बरी म्हणून लोक घेतात तिचा खरा गुण न दिसणारा आहे. अर्थात् दात पूर्ण कोरडा ठेवून, थरावर थर देऊन, निळ्या प्रकाशात ती घट्ट करावी लागते. घाईचे काम तिला मानवत नाही, आणि मोठ्या दाढेच्या मोठ्या खड्ड्यात ती चांदीइतकी टिकेलच असे नाही.

मुलाची खरी चूक निराळी होती. काही वर्षांपूर्वी त्याची खालची एक दाढ रात्ररात्र ठणकत होती. कीड दाताच्या गाभ्यातील मज्जेपर्यंत पोचली होती. रूट कॅनाल झाले; मुळांतील नळ्या साफ करून बंद करण्यात आल्या आणि ठणका थांबला. डॉक्टरांनी कॅप बसवून घ्यावयास सांगितले होते. पण दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला, हा समज मोठा चिवट आहे. आधीच किडीने आणि मग उपचाराने पोखरलेली दाढ चावण्याचा भार एकटी सोसू शकत नाही; तिच्यावर टोपी हवीच. भाजलेला शेंगदाणा चावताना ती उभी चिरली, थेट मुळापर्यंत. ती काढावी लागली. दुसऱ्या वेळी वरच्या दाढेचा प्रश्न आला तेव्हा आजीने हरकत घेतली, की वरचा दात काढला तर डोळा जातो. ही समजूत कोकणातून बोटीत बसून आलेली दिसते. वरच्या दातांच्या नसांचा दृष्टीशी संबंध नाही. मात्र या भीतीने कित्येकांनी पू झालेले दात तोंडात तसेच बाळगले.

त्याच्या हिरड्यांतून रक्तही येत असे. येथील सुमारे पाचांतील एका प्रौढाला मधुमेह आहे, आणि मधुमेह व हिरड्यांचा रोग हे एकमेकांना पोसतात: रक्तातील साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की साखर आटोक्यात आणणे कठीण होते. खाली खोल साचलेले किटण काढणे हा उपचार सरकारी दवाखान्यातील वा खाजगी, कोठलाही असो, त्यात मिरविण्यासारखे काही नसते. त्याचे छायाचित्र कोणी कोणाला दाखवीत नाही. परंतु भिंती पडत असताना रंग देण्यात अर्थ नसतो, हे डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मुलीसमोर सांगितले, आणि त्यांचा रोख बहुधा मुलीकडेच असावा.

मुलीचे, म्हणजे आजीच्या नातीचे, लग्न ठरले होते. हॉटेलात दिवसभर पाहुण्यांसमोर हसावयाचे. पुढचा एक दात लहानपणी पडून कोपऱ्यात तुटलेला. रंग किंचित् पिवळसर. मोबाईलवर तिने कोणाकोणाचे शुभ्र, एकसारखे दात पाहिले होते. परदेशी जाऊन आठवडाभरात वीस दातांवर टोप्या चढवून परतावे, असा बेत होता. त्यासाठी ती पैसेही साठवीत होती. या बेताला हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जिची भाकरी हसण्यावर आहे तिला दात दिसतात कसे याची चिंता असणारच, आणि जी आजी पदर तोंडाशी धरते तिच्या नातीला तर ती अधिकच असणार.

डॉक्टरीणबाईंनी तिला आरशात तिचेच दात दाखविले. नैसर्गिक दात तसाही शुभ्र नसतो; इनॅमल अर्धपारदर्शक असते आणि आतील पिवळसर डेंटीन त्यातून डोकावते. वय वाढते तसे इनॅमल झिजते आणि पिवळेपणा अधिक जाणवतो. तो रोग नव्हे. चहाकॉफीचे वरवरचे डाग नुसत्या सफाईने जातात. त्याहून खोलवरचा रंग उजळावयाचा तर पेरॉक्साइडचा लेप. हा घरी रात्री साच्यात भरून लावण्याची रीत १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोघा अमेरिकनांनी मांडली आणि ती आजही चालते. त्याने दात काही दिवस सळसळतात, गोडथंड लागले की झिणझिण्या येतात; आणि ज्या दातांवर भरणी किंवा कॅप आहे त्यांचा रंग तसूभर बदलत नाही. म्हणून उजळणे आधी, भरणी नंतर. लिंबू चोळणे, कोळशाची पूड घासणे हे घरगुती मार्ग डाग काढतात खरे, पण त्याबरोबर इनॅमलही नेतात. पणजोबांची राखुंडी नव्या वेष्टनात परत आली एवढेच.

व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूस चिकटविलेला चिनी मातीचा पातळ पापुद्रा. तो बसावा म्हणून पुष्कळदा अर्धा मिलिमीटरच्या आसपास इनॅमल घासावे लागते. पूर्ण टोपी बसवावयाची तर दात चहूकडून कातून खुंटीएवढा करावा लागतो. किडून पोखरलेल्या दाढेला ती टोपी जीवदान देते. निरोगी दाताला मात्र तीच टोपी आयुष्यभराचे लचांड होते, कारण टोपी कायमची नसते. दहापंधरा वर्षांनी, कधी त्याआधी, ती बदलावी लागते, कातलेल्या काही दातांची मज्जा पुढे मरते, आणि मग रूट कॅनाल. सव्विसाव्या वर्षी कातलेले वीस दात पंचेचाळिसाव्या वर्षी कोण सांभाळणार, हा प्रश्न परदेशी दवाखान्याच्या जाहिरातीत नव्हता.

“तुझ्या मागच्या दोन दाढा किडल्या आहेत, त्या तुला ठाऊक आहेत का?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

तिला ठाऊक नव्हते. त्या कोणाला दिसत नव्हत्या.

दोन दाढा भरल्या, तीन आठवडे लेप लावून रंग एकदोन छटा उजळला, आणि तुटलेला कोपरा राळेने एका बैठकीत, एकही मिलिमीटर न कापता, भरून निघाला. वीस टोप्यांचा बेत तिने सोडला. आनंदाने सोडला असे म्हणवत नाही. लग्नाच्या छायाचित्रांत ती तोंड भरून हसली आहे. एक सुळा किंचित् पुढे आहे तो तसाच आहे.

राहिली आजी. तिला दंतवैद्याकडे नेणे हेच मोठे काम होते. “मला आता या वयात कशाला?” हा तिचा एकच प्रश्न. मुलाने चार बाजूंनी समजावले, व्यर्थ. शेवटी नातवाच्या उच्चाराची गोष्ट सुनेने तिला सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातला डबा तिने स्वतः पिशवीत घातला.

दात गेले म्हणजे ते ज्या हाडात रोवलेले असतात ते हाडही झिजू लागते. पहिल्या वर्षात अधिक, पुढे हळूहळू, पण थांबत नाही. म्हणून एकदा केलेली कवळी जन्मभर बसत नाही. वरची कवळी टाळूला चिकटून निभावते. खालची मात्र जिभेच्या आणि गालाच्या मध्ये होडीसारखी हेलकावते. आजीची कवळी वाईट नव्हती, तिच्याखालचे हाड वितळले होते. दुसरा मार्ग इम्प्लांटचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो हे ओळखून १९६५ साली पहिल्या रोग्याच्या जबड्यात त्याचे स्क्रू बसविले. पण प्रत्येक दातासाठी एक स्क्रू हा खर्च सामान्य घरास झेपणारा नव्हे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मधला मार्ग सुचविला: दंतहीन खालच्या जबड्यात निदान दोन इम्प्लांट पुढच्या बाजूस बसवावेत आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकवावी.

सरकारी दवाखान्यात दात काढणे, भरणे यांसारखे उपचार निःशुल्क होतात. हे काम खाजगीत करावे लागले. निम्मे पैसे आजीने आपल्या वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनातून साठवलेले दिले, निम्मे मुलाने. तिला मधुमेह नव्हता, तंबाखू नव्हती. हाड पुरेसे निघाले. स्क्रू बसविल्यावर हाड धरेपर्यंत तीन महिने थांबावे लागले. आठवड्यात सगळे दात देतो म्हणणाऱ्यांची गोष्ट येथे आठवावी.

नवी कवळी बसली त्या दिवशी चमत्कार झाला नाही. तोंडात परके काही आहे असे वाटे, लाळ सुटे, शब्द आणखीच बोबडे. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, रोज मोठ्याने वाचा. आजी मुलगी असताना संध्याकाळच्या बैठकेत देवनागरी शिकली होती. घरात तिला वाचता येईल असे एकच पुस्तक सापडले, नातवाचे मराठीचे क्रमिक पुस्तक. दोघे ओसरीवर बसून त, थ, द, ध, न असे ओळीने म्हणू लागली. तो तिचे तोंड पाही आणि ती त्याचे. महिन्याभरात तिचा ‘स’ आधी सुधारला, त्याचा थोडा उशिरा. शिक्षिकेने वहीवर काही लिहिले नाही, पण पुन्हा तक्रारही आली नाही.

आता कवळी रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवली जाते, आणि सकाळी साबण व मऊ ब्रशने घासली जाते. दोन्ही बटणांभोवतीची हिरडी रोज साफ करावी लागते, नाही तर इम्प्लांटही हिरडीच्या रोगाने जातो. अडकवणीतील रबराच्या चकत्या वर्षदीड वर्षाने बदलाव्या लागतील. भाकरी चालू झाली आहे. चणे ती अजून भिजवूनच खाते. पुढची तपासणी गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ठेवा, असे आजीने स्वतः दवाखान्यात सांगून ठेवले आहे.